लाटांवरील स्वारी

कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमाशेजारी ज्यांचे बालपण गेले, त्यांस पोहणे निराळे शिकवावे लागत नाही, असा आपल्या कुरुंदवाडकरांचा समज आहे. आणि तो अगदीच खोटा आहे असे नाही. पाठीस वाळलेला भोपळा बांधून किंवा वडील माणसाच्या हाताचा आधार घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरलेला मुलगा दोनतीन उन्हाळ्यांत धारेला लागतो. महापूर म्हणजे काय हेही येथील मुलांस पुस्तकातून वाचावे लागत नाही, इ. स. २००५, २०१९ व २०२१ या सालांचे पूर त्यांच्या घरोघरी सांगितले जातात. अशा गावी पाण्याविषयी परिचय फार व भय थोडे असावयाचे. परंतु हा परिचय नदीचा आहे, समुद्राचा नव्हे. ही गोष्ट सहलीच्या दिवशी आपली मुले विसरतात, आणि क्वचित त्यांचे शिक्षकही विसरतात, म्हणून हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

विषयास आणखी एक निमित्त आहे. आपल्यातील कित्येक कुटुंबे अलीकडे सुटीत गोवा, श्रीलंका, बाली अशा ठिकाणी जाऊ लागली आहेत. तेथे लांबट फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येणारे लोक पाहिले म्हणजे तरुण मनास तो खेळ करून पाहण्याची इच्छा होते. या खेळास सर्फिंग म्हणतात. इच्छा वाईट नाही. ती पुरी करण्यापूर्वी लाट म्हणजे काय, ती आपणांस कोठे नेते, आणि ज्यांच्या किनाऱ्यावर आपण खेळतो ते लोक कोण, एवढे तरी समजून घेतले पाहिजे.

यात हसण्यावारी नेण्यासारखे काही नाही. दिनांक १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडून मरण पावले. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल २०१७ रोजी, मालवणजवळील वायरी येथे बेळगावाहून आलेल्या महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जणांचा तसाच अंत झाला. मुरूड काय, वायरी काय, दोन्ही किनारे दिसावयास रम्य. आणि दोन्ही वेळा सकाळी हसतखेळत निघालेल्या मुलांची वाट घरी आईबाप पाहत होते.

प्रथम लाटेचा विचार करू. शाळूच्या उभ्या पिकावरून वारा गेला म्हणजे लहर या बांधापासून त्या बांधापर्यंत धावत जाते. ताटे मात्र लवून पुन्हा जागच्या जागी उभी राहतात. खोल समुद्रातील लाट अशीच असते. वाहते ती शक्ती. पाण्याचा प्रत्येक थेंब वर्तुळात फिरून बहुतेक पूर्वीच्याच ठिकाणी येतो. शेकडो कोस दूर झालेल्या वादळाने उठलेली लाट शांत हवेच्या दिवशीही किनाऱ्यास येऊन पोहोचते, याचे कारण हेच. बालीच्या किनाऱ्यावर एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत ज्या मोठ्या लाटा येतात, त्या दक्षिण हिंदी महासागरातील वादळांनी पाठविलेल्या असतात. म्हणून आकाश निरभ्र आहे व वारा पडला आहे, एवढ्यावरून समुद्र शांत आहे असे अनुमान काढू नये.

लाट उथळ पाण्यात आली की तिचा पायथा तळाशी अडखळतो, माथा पुढे धावतो, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली म्हणजे ती फुटते. तळ हळूहळू चढत असेल तर ती फेसाळत, सावकाश मोडते. तळ एकदम चढत असेल तर कमान करून धाडकन आदळते. शिकाऊ माणसास पहिली लाट योग्य. दुसरी लाट माणसास उचलून वाळूवर डोक्याने आपटते व मानेचा मणका मोडते. उथळ समुद्रात सूर मारू नये, असे जे सांगतात त्याचे कारण यात आहे. घाटावरून डोहात उडी मारण्याची ज्यांस सवय आहे, त्यांनी हे दोनदा वाचावे.

आता या खेळाचा थोडा इतिहास. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांचे लोक प्राचीन काळापासून लाटांवर स्वारी करीत आले आहेत. कॅप्टन कुकची जहाजे इ. स. १७७८ मध्ये त्या बेटांस लागली. पुढच्या वर्षी कुक तेथेच मारला गेला, आणि त्याचा अधिकारी जेम्स किंग याने त्या लोकांच्या जलक्रीडेचे वर्णन लिहून ठेविले. तेथे राजे, सरदार, सामान्य जन, स्त्रिया व मुले सर्वच हा खेळ खेळत. सरदारांच्या फळ्या हलक्या लाकडाच्या व फार लांब असत, इतरांच्या आखूड. फळीसाठी झाड तोडण्यापूर्वी त्याच्या मुळाशी मासा अर्पण करण्याची चाल होती, असे वर्णन आढळते. म्हणजे हा त्यांच्या दृष्टीने केवळ खेळ नव्हता.

इ. स. १८२० मध्ये अमेरिकेहून ख्रिस्ती मिशनरी तेथे गेले. त्यांनी शाळा काढिल्या, हवाई भाषेस लिपी दिली, हे त्यांचे मोठे उपकार; परंतु लाटांवरील खेळात त्यांस आळस, जुगार व उघडेपणा एवढेच दिसले आणि त्यांनी त्यास उत्तेजन दिले नाही. त्याहूनही भयंकर गोष्ट म्हणजे बाहेरून आलेल्या रोगांनी ते लोकच झपाट्याने मरू लागले. खेळणारेच उरले नाहीत तेथे खेळ कोठून उरणार? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही विद्या जवळजवळ नामशेष होत आली होती. ज्या परंपरेतून आमच्यासारख्यांस शिक्षण मिळाले, तिच्याविषयी हे लिहिताना संकोच वाटतो. पण जे घडले ते घडले. दुसऱ्याच्या आनंदात पाप शोधण्यापूर्वी तो आनंद काय आहे हे विचारावे, इतके तरी त्यावरून घेण्यासारखे आहे.

विसाव्या शतकात या खेळास पुन्हा जगापुढे आणणारा पुरुष हवाईचाच. ड्यूक काहानामोकू हा इ. स. १८९० मध्ये जन्मला. १९१२ च्या स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांत त्याने शंभर मीटर पोहण्याची शर्यत ६३.४ सेकंदांत जिंकली. (हा आकडा ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडेल.) १९१४ च्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियात गेला, सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर त्याने तेथल्याच लाकडाची फळी तासून घेतली, आणि लाटेवर उभे राहून दाखविले, ती फळी अद्याप जपून ठेवलेली आहे. परंतु आम्हांस त्याची सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती निराळीच. १४ जून १९२५ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर थेल्मा नावाची मासेमारीची नाव लाटांत उलटली. सतरा माणसे बुडाली, बारा वाचली. त्या बारांपैकी आठ जणांना ड्यूकने आपल्या फळीवर घालून पुनःपुन्हा फेऱ्या करीत काठास आणिले. खेळाची फळी तारणाचे साधन होऊ शकते हे त्या दिवशी लोकांस दिसले. आज हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे; २०२१ मध्ये जपानात तो प्रथम तेथे खेळला गेला. आपल्या देशात कर्नाटकातील मुळकी व तामिळनाडूतील महाबलीपुरम ही त्याची नावाजलेली ठिकाणे होत.

खेळाची साधने फार नाहीत. शिकाऊ माणसाने मऊ फेसाची, लांब व रुंद फळी घ्यावी. ती घोट्यास बांधणारी दोरी मजबूत असावी. आणि पहिले दिवस जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच, कंबरभर पाण्यात, फुटून गेलेल्या लाटेच्या फेसावर काढावेत. पडताना डोके खाली करून पडू नये, अंग पसरून उथळ पडावे व वर येताना हातांनी डोके झाकावे, कारण आपलीच फळी आपल्या कपाळावर येते. फळी व किनारा यांच्या मध्ये कधीही उभे राहू नये. फळीस तरंगणारी नौका समजून जो न पोहता येणारा माणूस तिच्यावर विसंबतो, त्याची दोरी तुटली म्हणजे काय होईल हे सांगावयास नको.

या खेळात जो शिष्टाचार आहे तो मात्र विस्ताराने सांगण्यासारखा आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्याशी उसाच्या गाड्या क्रमाने उभ्या असतात. मागून आलेल्याने बैल पुढे घातले तर काय गदारोळ होतो, हे आपल्या भागात कोणास ठाऊक नाही? लाटेचेही तसेच आहे. लाट ज्या ठिकाणी प्रथम फुटू लागते, त्याच्या अगदी जवळ जो स्वार असेल, त्या लाटेवर त्याचाच हक्क. तो उठला असता दुसऱ्याने त्याच्या पुढ्यात घुसणे हा या मंडळींत सर्वांत मोठा अपराध समजतात, आणि ते केवळ मानापमानासाठी नव्हे; वेगाने येणाऱ्या दोन फळ्या एकमेकींवर आदळल्या तर हाडे मोडतात. लाटेकडे जाणाऱ्याने फुटणाऱ्या लाटेच्या मधून न जाता वळसा घेऊन बाजूच्या शांत पाण्यातून जावे. मोठी लाट अंगावर येताना पाहून फळी सोडून आपण तेवढी बुडी मारणे हे भ्याडपणाचे आहे, कारण मागचा माणूस त्या सुटलेल्या फळीच्या माऱ्यात येतो. प्रत्येक लाट आपणच घेऊ नये, काही सोडाव्या. आणि चूक झाली तर हात वर करून ‘क्षमा करा’ म्हणावे. भाषा येत नसली तरी हे कळते.

आता जी गोष्ट सर्वांत अधिक जीव घेते तिच्याकडे वळू. लाटा एकामागून एक पाणी किनाऱ्याकडे लोटीत असतात. हे पाणी परत जाणारच. ते सगळीकडून सारखे परतत नाही. वाळूच्या बुडालेल्या बांधात जेथे खिंड असेल तेथून, किंवा खडकाच्या वा धक्क्याच्या कडेने, ते एका अरुंद ओघाने आत धावते. शेताच्या बांधास भगदाड पडले म्हणजे वाफ्यातले सारे पाणी जसे त्याच वाटेने निघते, तसेच हे. यास रिप करंट म्हणतात. आपण त्यास परतीचा ओघ म्हणू. त्याची गती कधी कधी दर सेकंदास दोन मीटरांच्या वर जाते. आता ड्यूकचा आकडा आठवा. शंभर मीटर ६३.४ सेकंदांत म्हणजे दर सेकंदास दीड मीटरांहून किंचित अधिक. जगातला त्या काळचा सर्वांत वेगवान पोहणारा, तोही हौदाच्या स्थिर पाण्यात नव्हे तर अशा ओघाच्या तोंडाशी समोरासमोर झुंजला असता, तर मागेच गेला असता. मग आपल्या घाटावर पहिला येणाऱ्या मुलाची काय कथा!

दुर्दैव असे की हा ओघ दिसावयास सर्वांत सुरक्षित दिसतो. दोन्ही बाजूंस लाटा फुटून पांढऱ्या होत असतात आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद रंगाचा, लाटा न फुटणारा असतो. अनभिज्ञ माणूस म्हणतो, येथे बरे आहे, येथेच उतरू. आणि नेमका दारातच पाय ठेवतो. काठावर पाच-दहा मिनिटे थांबून पाहिल्यास ओळखण्याच्या खुणा सापडतात: फेस, शेवाळ किंवा गढूळ वाळू समुद्राकडे वाहत असते, आणि पाण्याचा पृष्ठभाग चुरमडल्यासारखा दिसतो. उंचावरून पाहिल्यास अधिक चांगले कळते. उतरण्यापूर्वी पाहणे, हाच निम्मा उपाय.

ओघात सापडल्यास काय करावे? तो माणसास तळाशी ओढीत नाही, आत ओढतो. हे एक वाक्य पाठ असले तर पुष्कळ प्राण वाचतील. माणूस ओघाने मरत नाही, ओघाशी झुंजून थकल्याने मरतो. म्हणून काठाकडे तोंड करून हातपाय मारणे तत्काळ सोडावे. पाठीवर तरंगावे, श्वास आवरावा, एक हात उंच करून मदत मागावी. बळ असेल तर काठाला समांतर, आडवे पोहावे. ओघ बहुधा रुंद नसतो. तो ओलांडल्यावर फुटणाऱ्या लाटांच्या बाजूने तिरपे काठाकडे यावे. बळ नसेल तर नुसते तरंगत राहावे. लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे ओघाचा जोर बहुधा ओसरतो, आणि कधी कधी तो फिरून माणसास उथळाकडेही आणतो. नदीत वाहून जाणाऱ्यासही धारेशी न भांडता तिरपे काठास लागावे असे आपले जुने लोक सांगत. तो धडा येथे कामास येतो.

किनाऱ्यावर रक्षक असतील तेथेच पोहावे. ही व्यवस्था ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकाच्या आरंभीच उभी राहिली, आणि तिचा कस ६ फेब्रुवारी १९३८ रोजी सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर लागला. लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनी शेकडो माणसे एकदम आत ओढली गेली. सुमारे अडीचशे जणांना रक्षकांनी बाहेर काढिले, आणि पाच मरण पावले. रक्षक नसते तर ती संख्या किती झाली असती याची कल्पनाही नको. गोव्यातही इ. स. २००८ पासून अशी संघटित व्यवस्था आहे. निशाणांचा अर्थ बहुतेक देशांत एकच: तांबडे व पिवळे असे दुरंगी दोन झेंडे रोविले असतील तर पोहणाऱ्याने त्यांच्या मध्येच राहावे, नुसते तांबडे असेल तर पाण्यात उतरू नये, काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे निशाण फळीवाल्यांच्या जागेचे, तेथे पोहणाऱ्याने जाऊ नये. रक्षकाने शिटी वाजविली म्हणजे त्याच्याशी वाद घालू नये. आपल्या मुलांस ही शेवटची गोष्ट सर्वांत जड जाते.

बुडणारा माणूस ओरडत नाही, हेही पालकांनी जाणून असावे. श्वासासाठी ज्याची धडपड चालली आहे, त्यास शब्द काढावयास श्वास कोठला? तोंड पाण्याच्या वरखाली, डोळे स्थिर, हात बाजूंस पाणी दाबीत आहेत, अशी मूर्ती दिसली तर ते बुडणेच समजावे. अशा वेळी अप्रशिक्षिताने मागोमाग उडी टाकू नये. एकास वाचविण्यास दुसरा, दुसऱ्यास तिसरा, अशा रीतीने एकाची जागा चौघे भरतात. दोरी, बांबू, झाकण लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन, हवा भरलेली ट्यूब, जे हाती येईल ते फेकावे, रक्षकास हाक मारावी, आणि ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. बाहेर काढलेल्या माणसास उलटा टांगणे किंवा पोट दाबून पाणी काढणे ही जुनी पद्धत सोडून द्यावी. तीत अमोल वेळ जातो. श्वास चालत नसेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यावर तीस वेळा दाबून दोन श्वास, असा क्रम वैद्य येईपर्यंत चालू ठेवावा. ही क्रिया वाचून येत नाही, हाताने शिकावी लागते. आपल्या शाळेत ती वर्षातून एकदा शिकविली जावी, अशी आमची सूचना आहे.

राहिला प्रश्न किनाऱ्याच्या मालकांचा. किनारा आपल्यास मोकळा दिसतो. तो कोणाच्या तरी पोटापाण्याची जागा असतो. मालवणकडे रापण ओढतात, तेव्हा जाळे होडीतून अर्धवर्तुळात टाकून त्याची दोन्ही टोके वाळूवरची माणसे दोन तास, तीन तास ओढीत असतात. त्या दोरांवरून उड्या मारणे, मधल्या पाण्यात पोहणे, मासळीच्या ढिगापाशी उभे राहून नाक धरणे, हे सर्व सहलीच्या मुलांकडून होते. त्या कोळी बांधवांस ‘काका, आज येथे उतरावे का?’ एवढे नम्रपणे विचारले, तर कोणत्याही पुस्तकात नसलेले ज्ञान फुकट मिळते. पावसाळ्यात ते स्वतः नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवितात. ज्यांचा जन्म समुद्रावर गेला ते ज्या दिवसांत जात नाहीत, त्या दिवसांत आपण कोण जाणारे? वेळासच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासवे अंडी घालावयास येतात. तेथे रात्री दिवे पाजळणे व गोंगाट करणे टाळावे.

परदेशीही हीच दृष्टी ठेवावी. बालीत पानांच्या लहान द्रोणांत फुले घालून ते नैवेद्य म्हणून रस्त्यावर, उंबऱ्याशी, वाळूवरही ठेवितात. त्यांवरून पाय टाकून जाऊ नये. न्येपी नावाच्या त्यांच्या मौनदिनी सारे बेट चोवीस तास निःशब्द असते, विमानतळही बंद राहतो. त्या दिवशी पाहुण्याने समुद्रावर जावयाचे नाही, खोलीतच राहावयाचे. उलुवातू येथे प्रसिद्ध लाट फुटते ती कड्यावरील मंदिराच्या खाली. मंदिरात जाताना अंगभर वस्त्र व कंबरेस उपरणे लागते. ओल्या पोशाखाने वर चढणाऱ्यास तेथील लोक बोलत नाहीत, पण मनात काय म्हणतात ते आपण ओळखू शकतो, कारण नृसिंहवाडीच्या घाटावर परगावचे लोक जोड्यांसह उतरताना पाहून आपणही तेच म्हणतो. तेथील तळ वाळूचा नसून प्रवाळाचा आहे. त्यावर पाय देऊ नये, पायही फाटतो आणि जिवंत प्रवाळही मोडतो.

सहल ठरविताना पालकांनी व शिक्षकांनी भिंतीवरील पंचांग काढून पाहावे. कोकणात भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती व तेथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीस सहा वाजता भरती, बारास ओहोटी. पौर्णिमा व अमावास्या या दोन्ही दिवशी सव्वाअकराच्या सुमारास भरती येते, आणि ती उधाणाची असते. तिच्यामागून जी ओहोटी लागते तीत पाणी फार वेगाने व फार दूर ओसरते. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, त्याची चढउतार थोडी. गावपरत्वे थोडा फरक पडतो, तो तेथील कोळ्यास विचारून घ्यावा. मुलांस पाण्यात उतरवावयाचेच असेल तर भांगाचा दिवस, चढते पाणी, सकाळची वेळ आणि रक्षक असलेला किनारा निवडावा; गुडघ्यापलीकडे जाऊ देऊ नये, दर दहा मुलांमागे एक पोहणारे मोठे माणूस काठावर उभे ठेवावे, आणि त्या माणसाने हातात छायाचित्रांचे यंत्र धरू नये.